आठ काढला, झालं

गोव्यातल्या आमच्या वाड्यावरचा एक मुलगा ब्रेक्झिटच्या आधी पोर्तुगीज पासपोर्ट करून इंग्लंडमधल्या स्विंडनला गेला. इथे असताना त्याने आठ-दहा वर्षं गाडी चालवलेली. आधी भाजीचा पिकअप, मग टॅक्सी. अनमोडचा घाट भर पावसात, रात्रीच्या धुक्यात कितीदा उतरला असेल त्याची गणती नाही. तिकडे बारा महिने राहिल्यावर त्याचं भारतीय लायसन्स तिथे कायद्याने बाद झालं. मग नव्याने शिकाऊ लायसन्स आणि पन्नास प्रश्नांची परीक्षा. त्यांतली त्रेचाळीस उत्तरं बरोबर यावी लागतात. त्यासोबत संगणकावर चौदा चित्रफिती दाखवतात. रस्त्यावर कुठे धोका उभा राहतोय असं दिसताक्षणी बटण दाबायचं, उशीर केला की गुण कमी. हे सगळं पार पडल्यावर परीक्षक शेजारी बसतो आणि चाळीसेक मिनिटं खऱ्याखुऱ्या वाहत्या रस्त्यावर गाडी चालवून घेतो.

पहिल्या खेपेला तो नापास झाला. घरी फोन करून म्हणाला, "हांव गाडी बरी चलयतां, पूण हांव आरशांत पळयतां तें तांकां दिसूंक जाय." म्हणजे, मी आरशात पाहतो हे त्यांना दिसलं पाहिजे.

वळण्याआधी आरशात पाहिलं नाही, ही त्याची गंभीर चूक ठरली. अशी एक चूकसुद्धा तिथे पुरते. त्याच्या आईला तो सरळसरळ अपमान वाटला. गोऱ्यांनी मुद्दाम पाडलं, असं ती बरेच दिवस सांगत होती. पण त्या देशात ड्रायव्हिंगच्या परीक्षेला बसणाऱ्यांपैकी निम्म्याहून थोडे कमीच पास होतात, आणि नापास होणाऱ्यांत गोरेच जास्त असतात.

मला माझी परीक्षा आठवली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. एक मोकळं मैदान, कडेला आंब्याचं झाड, सावलीत टेबल आणि टेबलावर फायलींचा ढीग. स्कूटरने आठाचा आकडा काढायचा, पाय टेकायचा नाही. माझा पाय टेकला. टेबलाकडची मान वर झाली नाही. मोटारीची परीक्षा म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलच्या मारुतीतून शंभरेक पावलं पुढे आणि थोडं मागे. शेजारी आमचे मास्तर, त्यांच्या पायाखाली त्यांचा वेगळा क्लच-ब्रेक. गाडी मी चालवली की त्यांनी, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. उतरल्यावर मास्तर म्हणाले, "आठ काढला, झालं. घरी जा." आठवड्याभरात लायसन्स हातात.

कायद्यात मात्र असं काही लिहिलेलं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत आणि त्यातला पंधरावा नियम वाचला तर इंग्रज परीक्षकही मान डोलावेल. आरसा जुळवणं, सगळे गिअर टाकत वरच्या गिअरपर्यंत जाणं, उतारावर पटकन खालच्या गिअरमध्ये येणं, चढावर थांबवलेली गाडी मागे न घसरू देता पुन्हा सोडणं, दुसऱ्याला ओलांडणं, दुसऱ्याने आपल्याला ओलांडत असताना वाट देणं, अचानक थांबणं, सगळं त्यात आहे. आमच्या त्या मैदानात तिसरा गिअर टाकला असता तर समोरच्या कुंपणातून पलीकडे गेलो असतो. कायदा दिल्लीत चांगला लिहिला जातो आणि मैदानावर त्याचा आठाचा आकडा होतो. मधल्या मधे तो कुठे गळतो, हे बघायला कोणी नेमलेलंच नाही. माझी तक्रार त्या टेबलाकडच्या माणसाविषयी नाही, या रिकाम्या जागेविषयी आहे.

लायसन्सची मालकी कोणाकडे आहे ते पाहू. यंत्रावर चालणारी वाहनं हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचाही. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचे, बाकी रस्ते राज्याचे, पोलीसही राज्याचे. १९८८ चा मोटार वाहन कायदा संसदेचा. अर्जाचा नमुना, फी, 'सारथी' हे संकेतस्थळ, सगळं दिल्लीचं. परीक्षा घेणारा इन्स्पेक्टर मात्र गोवा सरकारच्या वाहतूक खात्याचा. आपण त्याला आरटीओच म्हणतो. त्याने सही केलेलं लायसन्स इटानगरपासून कन्याकुमारीपर्यंत चालतं. अपघात झाला की पंचनामा करणार पोलीस, खड्ड्याला जबाबदार सार्वजनिक बांधकाम खातं, आणि वर्षाच्या शेवटी मेलेल्यांची बेरीज करणार पुन्हा दिल्लीतलं रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालय. दर दिवशी किती किलोमीटर महामार्ग बांधला याची जाहिरात करतं तेच हे मंत्रालय. रस्ते बांधणाराही तो, लायसन्सचे नियम करणाराही तो आणि त्या रस्त्यांवर किती मेले याचा हिशेब ठेवणाराही तोच.

रेल्वेचं असं नाही. रेल्वे अपघाताची चौकशी करणारा रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतो, तो नागरी हवाई वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो. विचित्र वाटतं, पण मुद्दाम केलेलं आहे. गाड्या चालवणाऱ्यानेच स्वतःच्या अपघाताचा न्याय करू नये म्हणून १९४१ मध्येच ही चौकशी रेल्वे बोर्डापासून तोडली गेली. विमानं पडली तर त्यासाठीही वेगळी चौकशी यंत्रणा आहे. पण २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. रोजची साडेचारशेहून जास्त. त्यांच्यासाठी असा आयुक्त नाही. एका विमानात मावतील त्याहून जास्त माणसं रोज जातात, पण ती एका ठिकाणी पडत नाहीत, हीच त्यांची चूक.

असा प्रयत्न झालाच नाही असं नाही. सुंदर समितीने २००७ मध्ये रस्ता सुरक्षेसाठी राष्ट्रीय मंडळ असावं अशी शिफारस केली. २०१० मध्ये तसं विधेयक लोकसभेत आलं आणि काळाच्या ओघात बुडालं. कोइम्बतूरचे हाडांचे डॉक्टर एस. राजशेखरन यांनी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, त्यातून २०१४ मध्ये न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन यांची समिती नेमली गेली. तुटलेली हाडं रोज जोडणारा माणूस शेवटी कोर्टात जातो, ही गोष्ट मला पुन्हा पुन्हा आठवते. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम २१५ब आलं, राष्ट्रीय रस्ता सुरक्षा मंडळ. २०२१ मध्ये त्याचे नियम निघाले: एक अध्यक्ष, तीन ते सात सदस्य. नियम निघाले, माणसं नेमली गेली नाहीत. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला मुदत घालून द्यावी लागली, आता तरी मंडळ बसवा म्हणून.

आणि उद्या हे मंडळ बसलं तरी ते करणार काय? सल्ला देणार. कलमात तेवढंच आहे. सल्ला देणाऱ्या समित्यांची आपल्याकडे वाण नाही. राज्याची आहे, जिल्ह्याची आहे, कलेक्टर अध्यक्ष, चहा-सामोसे आणि मागच्या बैठकीचं इतिवृत्त कायम. ज्या मंडळाला कुठल्याही परीक्षा-मैदानावर न सांगता जाऊन उभं राहता येत नाही, इन्स्पेक्टरची परीक्षा घेता येत नाही, कुठल्या कार्यालयात किती टक्के पास होतात हे जाहीर करता येत नाही, त्याची मला गरज वाटत नाही. हवं आहे ते रस्ते बांधणाऱ्या मंत्रालयाच्या बाहेरचं आणि हातात दांडा असलेलं मंडळ. लायसन्सच्या परीक्षेवर देखरेख आणि प्राणघातक अपघातांची चौकशी, ही दोन कामं एकाच छपराखाली हवीत. माणूस कसा मेला हे ज्याला कळतं त्याचीच माहिती परीक्षेत उतरली पाहिजे.

हे स्वप्नरंजन नाही, यातलं बरंच काही आयर्लंडने केलेलं आहे. तो देशही काही सोवळा नव्हता. १९७९ मध्ये तिथे ड्रायव्हिंग परीक्षेसाठी थांबलेल्यांची रांग इतकी वाढली की सरकारने त्यांतल्या शिकाऊंना परीक्षा न घेताच लायसन्सं वाटून टाकली! आपल्या टेबलाकडच्या माणसालाही हे सुचलं नसतं. २००६ मध्ये त्यांनी रस्ता सुरक्षा प्राधिकरण उभं केलं. चालकांची परीक्षा, लायसन्स, वाहनांची तपासणी, रस्ता सुरक्षेचं शिक्षण, सगळं हळूहळू एका हाताखाली आलं. त्या वर्षी तिथे रस्त्यावर ३६५ माणसं मेली होती, २०२३ मध्ये एकशेऐंशीच्या आसपास. हे एकट्या प्राधिकरणाचं श्रेय नाही. दारू पिऊन चालवणाऱ्यांची सरसकट तपासणीही २००६ मध्येच सुरू झाली, चुकांचे गुण मोजून लायसन्स काढून घेण्याची पद्धत त्याआधीची. परीक्षेसाठी तिथे लोकांना महिनोन् महिने थांबावं लागलं आहे आणि त्यावरून प्राधिकरणाला शिव्याही खाव्या लागल्या आहेत. पण शिव्या कोणाला द्यायच्या हे लोकांना ठाऊक असतं.

आयर्लंडची लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेत ५१ लाखांच्या घरात. गोव्याची २०११ च्या जनगणनेत १४ लाख ५८ हजार. आयर्लंडमध्ये एकशेऐंशीच्या आसपास गेले त्या २०२३ मध्ये आपल्या या टीचभर राज्यात पावणेतीनशेहून जास्त गेले. आपल्याकडे स्कूटर-मोटारसायकली जास्त, पर्यटक जास्त, हे खरं. मरणाऱ्यांत दुचाकीवाल्यांचा वाटा सर्वांत मोठा, हेही खरं. पण मग दुचाकीची परीक्षा सर्वांत कडक हवी ना? आपल्याकडे ती सर्वांत सोपी आहे. चुन्याच्या रेघांवरचा तो आठ संथ गतीने तोल सांभाळायला शिकवतो, आणि माणसं मरतात ती वेगात, चौकात, मागून येणारा ट्रक न दिसल्यामुळे.

राष्ट्रीय यंत्रणा गोव्याला इतरांपेक्षा जास्त हवी, कारण आपल्या रस्त्यांवर अख्ख्या देशाची लायसन्सं धावतात. कळंगुट-बागाच्या रस्त्यावर काळी पाटी आणि पिवळ्या अक्षरांच्या भाड्याच्या स्कूटरवर बसलेला मुलगा कुठल्या राज्यात, कुठल्या मैदानावर, कोणाच्या सहीने पास झाला याच्याशी हणजुणेच्या रस्त्यावर चालणाऱ्या म्हाताऱ्या बाईचा जीव बांधलेला असतो. नितीन गडकरींनी स्वतः अनेकदा जाहीरपणे सांगितलं आहे की देशातली जवळजवळ तीस टक्के लायसन्सं बोगस आहेत. आंतरराष्ट्रीय परिषदेत भारतातल्या अपघातांचा विषय निघाला की आपण तोंड लपवतो, असंही ते २०२४ च्या डिसेंबरात लोकसभेत म्हणाले. प्रांजळपणा आवडला. पण बोगस लायसन्सं देणारी यंत्रणा ज्यांच्या नियमांवर चालते, त्या खात्याचे ते मंत्री आहेत.

गोव्याला हा शेजारधर्म नवा नाही. पोर्तुगालने १९२८ मध्ये रस्त्याची बाजू बदलून उजवी केली, तरी गोव्यातली वाहनं डावीकडूनच चालत राहिली, कारण सीमेपलीकडचा ब्रिटिश हिंदुस्थान डावीकडून चालत होता. लिस्बनचा शब्द इथे शेवटचा होता, पण रस्त्याचा नियम शेजाऱ्याने ठरवला. त्या काळी गोव्यात मोटारी किती होत्या? आता वाहनं जवळजवळ माणसांइतकीच झालीत.

राज्यांच्या अधिकारावर गदा येईल, हा आक्षेप मला थोडा मान्य आहे. सगळं दिल्लीत नेलं की प्रश्न सुटतो यावर माझा विश्वास नाही. परीक्षा राज्यानेच घ्यावी, मैदान इथलं असावं, चढ इथलाच असावा. इन्स्पेक्टरला आपला ढवळीचा चौक ठाऊक असला पाहिजे. तपासणारा मात्र वेगळा हवा. दहावीचा पेपर शाळेतला मास्तर तपासतो, पण स्वतःच्या वर्गाचा नाही.

नेमकं हेच भान २०२१ च्या नव्या नियमांत सुटलं आहे. मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रं निघाली. हलक्या वाहनासाठी २९ तासांचा अभ्यासक्रम, सिम्युलेटर, ठरावीक किमान जमीन. कल्पना चांगली. पण तिथून पास होणाऱ्याला आरटीओची परीक्षा माफ. म्हणजे शिकवणी घेणाराच सर्टिफिकेट देणार. ज्याच्याकडून हजारो रुपये फी घेतली त्याला नापास करणारं केंद्र किती दिवस चालेल? २०२४ मध्ये 'आता खासगी स्कूलच टेस्ट घेणार' अशी बातमी पसरली तेव्हा मंत्रालयाला काही बदललेलं नाही असा खुलासा करावा लागला. बदललं नव्हतं हे बरोबर. तरतूद आधीपासून तशीच होती.

शिकाऊ लायसन्सची परीक्षा आता घरी बसून आधारच्या जोरावर देता येते. माझ्या भाचीने दिली. समोर मोबाइल, कॅमेऱ्यात तिचा चेहरा, आणि कॅमेऱ्याच्या मागे तिचा भाऊ बोटांनी एक, दोन, तीन दाखवतोय. मी खोलीत चहा पीत बसलो होतो. हसलोही, हे कबूल करतो. रांग गेली, एजंट गेला, दोनशे रुपयांची चिरीमिरी गेली, त्याचा आनंद होता. परीक्षाही गेली हे घरी येताना स्कूटरवर लक्षात आलं.

आणि एकदा मिळालं की मिळालं. तिशीच्या आतल्याला आता चाळिशीपर्यंतचं लायसन्स मिळतं, म्हणजे अठराव्या वर्षी एकदा आठ काढला की बावीस वर्षं कोणी विचारणार नाही. चाळिशीनंतर डॉक्टरचा दाखला लागतो. माझ्या नूतनीकरणाच्या वेळी डॉक्टरने माझे डोळे पाहिले नाहीत. मीही डॉक्टरला पाहिलं नाही. शिक्का मात्र दोघांनीही पाहिला.

गरिबाच्या पोटावर पाय येईल, हा दुसरा आक्षेप. पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवरून भाड्याने माणसं नेणारा 'पायलट', खाणीच्या बंदीनंतर ट्रकवरून टॅक्सीवर आलेला ड्रायव्हर, यांना कडक परीक्षा कशी झेपेल? हा प्रश्न विचारणाऱ्यांनी मेलेल्यांची यादी पाहावी. त्यात मर्सिडीजवाले क्वचित. ऑगस्ट २०२३ मध्ये बाणस्तारीच्या पुलावर एक आलिशान गाडी आदळली आणि तीन जीव गेले, तेही दुसऱ्यांचे. कडक परीक्षेला फी कमी ठेवता येते, दुसऱ्यांदा पैसे न घेता बसू देता येतं. सैल परीक्षेची किंमत मात्र गरीबच भरतो.

आपल्याकडे चर्चा झाली ती दंडाची. २०१९ मध्ये दंड वाढले तेव्हा गोवा सरकारने ते लगेच लागू केले नाहीत, आधी रस्ते नीट करू म्हणाले. त्यात तथ्य होतं. त्याच दुरुस्तीत कलम १९८अ आहे: रस्त्याची रचना किंवा देखभाल मानकांप्रमाणे न केल्याने कोणी मेला तर ठेकेदाराला किंवा खात्याला दंड, फार तर एक लाख रुपये. चांगल्या स्कूटरची किंमत. चालक शिकवला नाही तर तो चालकाचा दोष, रस्ता चुकला तर तोही पंचनाम्यात चालकाचाच दोष. 'अतिवेग' या एका शब्दात आपले बहुतेक पंचनामे मिटतात.

मंडळ दिल्लीत बसेल तेव्हा बसेल. काही गोष्टी गोव्याला त्याआधी करता येतात, त्यासाठी संसदेची वाट बघायची गरज नाही. अपघातांची नोंद आता ई-डार या यंत्रणेत होते आणि लायसन्सं 'सारथी'त आहेत. जीव घेणाऱ्या अपघातातल्या चालकाने परीक्षा कधी दिली, कुठे दिली, कितव्या खेपेला पास झाला, हे जुळवून पाहायला एक कारकून पुरतो. राज्यात आरटीओची कार्यालयं मोजकी आहेत. प्रत्येकाने दर महिन्याला किती जण परीक्षेला बसले आणि किती नापास झाले एवढे दोन आकडे दारावरच्या फलकावर लिहावेत. खडूने लिहिले तरी चालतील.

पहिल्या महिन्यात फलकावर नापासांच्या खाली शून्य दिसेल. मग एखादा नवा इन्स्पेक्टर नियम पंधरा वाचून येईल, गाडी मैदानाबाहेर काढून बोरीच्या पुलाकडच्या चढावर नेईल आणि आरशात न पाहणाऱ्या दहा जणांना परत पाठवील. संध्याकाळपर्यंत आमदाराचा फोन येईल, आमचा मुलगा आहे, जरा बघा. त्या फोनला उत्तर द्यायची पाळी त्या इन्स्पेक्टरवर आली तर तो पुन्हा मैदानावर चुन्याच्या रेघा मारायला लागेल. उत्तर द्यायला त्याच्यामागे दुसरं कोणी आहे का, एवढंच मला त्या मंडळाविषयी विचारायचं आहे.